संदेश-रांगांच्या मर्यादा : एका रूढ उपदेशाचे परीक्षण

युनिक्सवरील संदेश-रांगांची चर्चा बहुधा तीन आकड्यांपाशी येऊन थांबते. लिनक्सच्या ३.१९ या आवृत्तीपासून त्यांची मूळ मूल्ये अशी आहेत : एका संदेशाची कमाल लांबी (एमएसजीमॅक्स) ८१९२ बाइट, एका रांगेची धारणक्षमता (एमएसजीएमएनबी) १६३८४ बाइट व रांगांची एकूण संख्या (एमएसजीएमएनआय) ३२०००. रांग भरली की धारणक्षमता वाढवावी, हा रूढ उपदेश होय. त्यात लक्षणालाच कारण मानले जाते.

समजा, दर सेकंदास १०० बाइटांचे २०० संदेश येतात व १८० उचलले जातात. शिल्लक २००० बाइटांनी वाढते आणि रांग सुमारे आठ सेकंदांत भरते. मर्यादा चौपट केली तरी तेहेतीस सेकंदांत तीच अवस्था येते. मूल-सावलीकडील भातकऱ्यास हे तलावावरून ठाऊक असते : येवा जाव्याहून सतत अधिक असेल, तर पाळ उंच केल्याने सांडवा वाहण्याची वेळ लांबते, टळत नाही. मात्र लोंढा क्षणिक असून पुढे रांग रिकामी होत असेल, तर वाढ सर्वथा युक्त ठरते.

हा भेद एका मोजणीने कळत नाही. ‘आयपीसीएस’ आज्ञा त्या क्षणाची स्थिती दाखविते. म्हणून ठराविक अंतराने नोंदी घेणे अगत्याचे आहे. तीच आज्ञा शेवटच्या प्रेषणाची व ग्रहणाची वेळही सांगते. प्रेषण ताजे व ग्रहण जुने असेल, तर दोष वाचणाऱ्या प्रक्रियेत शोधावा.

शिवाय नवी मर्यादा केवळ नव्या रांगांस लागू होते. जुन्या रांगेची धारणक्षमता ‘एमएसजीसीटीएल’ने स्वतंत्रपणे बदलावी लागते. हे न जाणणारा व्यवस्थापक परिणाम दिसत नाही म्हणून आकडा पुनःपुन्हा वाढवितो.

रिचर्ड स्टीव्हन्स यांनी १९९२ च्या ग्रंथात नव्या कार्यक्रमांत या रांगा वापरू नयेत, असे मत दिले. त्यांचा एक प्रमुख आक्षेप रांगेच्या आयुष्याविषयी होता : निर्माती प्रक्रिया संपली तरी रांग उरते. अशा बेवारस रांगा साचल्या असता संख्येची मर्यादा वाढविणे हीदेखील तीच चूक होय. मर्यादा हा अडथळा खरा, परंतु तो सूचकही आहे. त्याची सूचना वाचल्यावाचून तो हलविणे इष्ट नव्हे.