गुण मिळाले, कारण मिळालं नाही

आजचा विषय नाटकाचा आहे, पण नट किंवा दिग्दर्शक यांच्याविषयी आम्ही बोलणार नाही. आपल्याला बोलायचं आहे ते प्रेक्षागृहात वही घेऊन बसणाऱ्या विद्यार्थ्याविषयी. नाटक पाहून त्यावर विचारपूर्वक लिहिणारा हा विद्यार्थी आपण कुठे घडवतो का?

सुरुवात आमच्याच चुकीपासून करतो. बऱ्याच वर्षांपूर्वी एका आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेला आम्ही परीक्षक होतो. निकालानंतर बक्षीस न मिळालेल्या संघातली एक मुलगी आली. म्हणाली, "सर, आमचं नेमकं कुठे कमी पडलं?" आम्ही म्हणालो, "एकूण परिणाम तितका साधला नाही." ती मान डोलावून गेली. आता बघा, जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलं, विधान केलंत तर कारण द्या म्हणून पोरांच्या मागे लागलो, आणि तिला आम्ही कारण दिलंच नाही. निकालच दुसऱ्या शब्दांत पुन्हा सांगितला.

महाराष्ट्रात विद्यार्थ्यांनी नाटक करण्याला तोटा नाही. पुण्यात पुरुषोत्तम करंडक १९६३ पासून चालू आहे. लेखन, अभिनय, प्रकाशयोजना हे सगळं मुलं तिथे करून शिकतात. २०२२ साली तिथल्या परीक्षकांनी करंडक कुणालाच दिला नाही, तेव्हा केवढी चर्चा झाली! परीक्षक बरोबर की चूक, यावर सगळे बोलले. पण त्या एकांकिकांमध्ये रंगमंचावर नेमकं काय घडलं, हे नीट मांडणारं लेखन त्या गदारोळात आपल्यापैकी किती जणांनी वाचलं? आम्ही तरी शोधत होतो. निकाल सगळ्यांना ठाऊक होता. ज्याच्या आधारे त्या निकालाशी सहमत व्हायचं किंवा भांडायचं, ते वर्णनच हाताशी नव्हतं.

हा प्रश्न जुना आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात, प्रचलित प्रतींच्या २७व्या अध्यायात, 'प्राश्निक' येतात. प्रयोगाविषयी वाद झाला तर निवाडा करणारी ही माणसं. त्यांत यज्ञ जाणणारा आहे, नर्तक आहे, छंद जाणणारा, वैयाकरण, चित्रकारही आहे. ज्याला जे कळतं त्याने त्याबद्दल बोलावं, अशी ती व्यवस्था. म्हणजे मत देण्याचा अधिकार आवडीतून मिळत नाही, जाणकारीतून मिळतो. आणि जाणकारी कमवावी लागते.

डेव्हिड ह्यूमने १७५७ साली अभिरुचीच्या निकषावर एक निबंध लिहिला. त्यात त्याने 'डॉन किहोते'मधली एक गोष्ट घेतली आहे. दोन माणसांना पिंपातली वाइन चाखायला देतात. एक म्हणतो, चांगली आहे, पण जरा चामड्याची चव लागते. दुसरा म्हणतो, लोखंडाची लागते. लोक दोघांनाही हसतात. पुढे पिंप रिकामं होतं तेव्हा तळाशी चामड्याची वादी बांधलेली किल्ली सापडते. ह्यूमच्या मते अशी सूक्ष्म रुची सरावाने आणि तुलनेने वाढते.

नाटकाची अडचण अशी की पिंप रोज रात्री रिकामं होतं आणि किल्लीही त्याच्याबरोबर जाते. सिनेमा पुन्हा लावून बघता येतो, कालचा प्रयोग पुन्हा बघता येत नाही. म्हणून नाट्यसमीक्षक हा आधी साक्षीदार असतो. त्याने काय पाहिलं ते नीट सांगितलं नाही, तर त्याच्या मताला आधार राहत नाही.

हे शिकवता येतं का? येतं. अमेरिकेत कनेक्टिकटमधल्या युजीन ओनील थिएटर सेंटरमध्ये १९६८ पासून समीक्षकांचं प्रशिक्षण चालतं. नाटक पाहायचं, लगेच लिहायचं, आणि ते लिखाण अनुभवी समीक्षकांपुढे तपासायला ठेवायचं. केनेडी सेंटरच्या महाविद्यालयीन नाट्यमहोत्सवानेही विद्यार्थी-समीक्षकांसाठी वर्षानुवर्षं स्वतंत्र उपक्रम चालवला. आपल्याकडे पुण्यातच सिनेमा पाहायला शिकवणारा चित्रपट रसास्वाद अभ्यासक्रम अनेक दशकं चालत आला आहे. रसास्वाद शिकवता येत नाही, असं म्हणायला आपल्याला जागाच नाही. नाटकाच्या बाबतीत आपण ते शिक्षण वर्तमानपत्राच्या कचेरीवर सोपवलं, आणि तिथे परीक्षणाची जागा आक्रसत गेली.

म्हणून आमची सूचना साधी आहे. स्पर्धेला येणाऱ्या प्रत्येक संघाने एक लिहिणारा विद्यार्थी आणावा. त्याने आपल्या कॉलेजच्या एकांकिकेवर लिहायचं नाही, दुसऱ्याच्या लिहायचं. चारशे शब्द, दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत. त्यात तीनच गोष्टी हव्यात: काय दिसलं आणि ऐकू आलं, एकांकिका काय करू पाहत होती, ते कुठे जमलं, कुठे नाही. मग ते त्या संघासमोर वाचायचं, त्यांचं म्हणणं ऐकायचं आणि पुन्हा लिहायचं. यात मैत्री तुटेल, असं काही जण म्हणतात. थोडी ताणली जाईल, खरं आहे. पण कारण देऊन केलेली टीका मुलं पचवतात, हा आमचा वर्गातला अनुभव आहे. त्यांना 'एकूण परिणाम' पचत नाही. आणि हो, या लेखनाला बक्षीस मात्र ठेवू नका. नाहीतर पुन्हा गुणच मोजत बसू.

परवा जुने कागद आवरताना त्या स्पर्धेचा आमचा गुणतक्ता सापडला. त्या मुलीच्या एकांकिकेसमोर आकडे होते, आणि कडेला पेन्सिलीने दोन शब्द: 'संगीत लवकर'. ते वाचलं आणि प्रसंग आठवला. आई मुलाचं पत्र वाचत होती. पत्र अर्ध्यावर असतानाच पार्श्वसंगीत सुरू झालं, आणि तिचं वाचणं ऐकायचं सोडून आम्ही आता रडायचं आहे हे समजून घेतलं. किल्ली आमच्या हातात होती. ती त्या मुलीला दाखवायची असते, हे आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं, आणि आम्हीही पुढे कुणाला शिकवलं नाही.

इथे थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.