अधांतरी: एका शब्दाची आणि एका यंत्राची चिकित्सा

मराठीत ‘अधांतरी’ हा शब्द कौतुकाने क्वचितच येतो. नोकरी अधांतरी असते, निकाल अधांतरी लटकतो, त्रिशंकू तर कायमचाच अधांतरी. आधार नाही म्हणजे भरवसा नाही, हा अर्थ त्या शब्दात मुरलेला आहे. मात्र विषय चुंबकाचा निघाला की हीच भाषा एकाएकी भारावून जाते. वस्तू ‘तरंगू’ लागते, प्रवास ‘घर्षणमुक्त’ होतो आणि लेख तिथेच संपतो. चिप बनवणाऱ्या कारखान्यांतील चुंबकीय वाहकांविषयीचे लेखनही या मोहातून सुटत नाही. अशा लेखनात नवलाची जागा चुकते, असे मला वाटते. वाहक तरंगतो हे खरे नवल नव्हे. तो नेमका कुठे आहे हे यंत्राला क्षणोक्षणी कळते आणि म्हणूनच तो तरंगू शकतो, हे नवल आहे.

ही चूक जुनी आहे. तेराव्या शतकातील झकारिया अल-कझविनी याने सोमनाथच्या मूर्तीचे वर्णन केले आहे. मूर्ती कशाच्याही आधारावाचून मधोमध लोंबकळत होती. छतात लोहचुंबकाचे दगड होते, मूर्ती लोखंडाची होती आणि सर्व बाजूंची ओढ समसमान होती, असा खुलासा त्यात येतो. इतिहास म्हणून या कथेचे मोल काय, हा वेगळा प्रश्न. पदार्थविज्ञान म्हणून ती टिकत नाही. सॅम्युअल अर्नशॉ या इंग्रज गणितज्ञाचा 1842 साली प्रसिद्ध झालेला सिद्धांत तिच्या आड येतो. स्थिर चुंबकांच्या नुसत्या ओढीने किंवा रेट्याने वस्तू हवेत स्थिर राहू शकत नाही. समतोलाचा बिंदू सापडतो, पण तो सुईच्या अग्रावर उभ्या केलेल्या काठीसारखा. केसभर ढळले की ओढ वाढते, आणि ओढ वाढली की आणखी ढळते. अतिसंवाहकासारखे अपवाद आहेत, पण लोखंड आणि लोहचुंबक त्यांत बसत नाहीत. म्हणजे कझविनीच्या कथेत दगड कमी नव्हते. मूर्ती ढळताच ते ओळखून ओढ बदलणारा कोणी नव्हता. आपल्या बोलीने ‘अधांतरी’ला जो अर्थ दिला, तोच अर्नशॉने गणिताने सिद्ध केला.

मग चिपच्या कारखान्यात हा धोका पत्करायचा कशासाठी? कारण तिथे स्पर्शच महाग पडतो. सिलिकॉनच्या 300 मिलिमीटर व्यासाच्या चकतीवर काही दशक नॅनोमीटर रुंदीच्या रेषा कोराव्या लागतात; माणसाचा केस त्याहून हजार पटींनी जाड असतो. चाक फिरले की झीज होते, झिजेतून कण सुटतात आणि एवढासा कणही चिप निकामी करू शकतो. वंगण घालावे, तर निर्वात कक्षात त्याची वाफ पसरते. म्हणून चकती वाहून नेणारा वाहक चुंबकांवर उचलून धरतात.

त्याचे स्थान ओळखायचे काम अनेकदा हॉल संवेदक करतो. एडविन हॉल याने 1879 साली सोन्याच्या पातळ वर्खातून वीज खेळवली, वर्खाला काटकोनात चुंबकीय क्षेत्र लावले आणि वर्खाच्या दोन कडांमध्ये विद्युतदाब निर्माण झाल्याचे दाखवले. तोच परिणाम इथे राबतो. वाहकाच्या तळाशी उत्तर-दक्षिण ध्रुव आलटून पालटून मांडलेले असतात, त्यामुळे त्यांचे क्षेत्र लाटेसारखे चढते-उतरते. लाटेच्या पाव लांबीच्या अंतरावर दोन संवेदक ठेवले, की दोन्ही आकड्यांच्या गुणोत्तरावरून वाहक लाटेच्या कोणत्या भागावर आहे ते कळते. उंची मात्र क्षेत्राच्या जोरावरून काढावी लागते: वाहक जितका दूर, तितके क्षेत्र क्षीण. असे अनेक संवेदक मिळून पुढे-मागे, डावी-उजवी, वर-खाली आणि तिन्ही अक्षांभोवतीचा कल, अशा सहा गोष्टी सांगतात. त्यावरून कॉइलमधला प्रवाह बदलतो, आणि हे चक्र अखंड चालू राहते.

‘तरंगणे’ या शब्दाने जे झाकले जाते, ते इथे आहे. या दोन मोजमापांची विश्वासार्हता सारखी नाही. निओडिमियम चुंबक तापला की दर अंशाला सुमारे 0.1 टक्का क्षीण होतो. सगळे चुंबक सारखेच क्षीण झाले तर गुणोत्तर बदलत नाही, त्यामुळे आडवे स्थान बरोबर राहते. उंची मात्र फसते. चुंबकांची लाट 30 मिलिमीटर लांबीची धरली, तर 10 अंश तापमानवाढीने उंचीत सुमारे 0.05 मिलिमीटरची चूक येते. वाहक वर गेला असे संवेदकाला वाटते, आणि नियंत्रक त्याला विनाकारण खाली आणतो. यंत्र आज्ञाधारक आहे. चुकीच्या बातमीचेही ते निष्ठेने पालन करते.

दुसरी मर्यादा भिंतीची. चुंबकीय संवेदकाचा मोठा गुण असा, की तो निर्वात कक्षाबाहेर राहून ॲल्युमिनियमच्या भिंतीपलीकडचेही ओळखतो. प्रकाशाला लागते तशी काचेची खिडकी त्याला लागत नाही. पण क्षेत्र झपाट्याने बदलले की त्याच भिंतीत भोवरी प्रवाह उठतात आणि बातमी उशिरा पोहोचते. मुळात अस्थिर असलेल्या वस्तूच्या बाबतीत उशिरा आलेली खरी बातमीही खोट्या बातमीइतकीच घातक ठरू शकते. शिवाय वाहकाला उचलणाऱ्या कॉइलचे स्वतःचे क्षेत्र संवेदकाच्या वाचनात मिसळते, ते वजा करावे लागते. चकतीवर प्रत्यक्ष नक्षी उमटवणाऱ्या यंत्रात स्थान प्रकाशाने मोजतात, ते नॅनोमीटरची अचूकता हवी म्हणून.

म्हणून ‘स्पर्शमुक्त’ हे विशेषणही तपासून घ्यावे लागते. चाकाला रुळाची जी खबर स्पर्शातून आपोआप मिळत असे, ती इथे मोजून, वजाबाकी करून, तापमानाची दुरुस्ती लावून मिळवावी लागते. आधार नाहीसा झालेला नाही. तो लोखंडातून मोजमापात गेला आहे. केवळ तरंगण्याचे कौतुक करणारा वाचक यंत्र बिघडले की हतबुद्ध होतो. आधार मोजमापात आहे हे ज्याला कळले, तो आधी विचारतो, संवेदकाला काय दिसले आणि किती वेळाने दिसले? मराठी विज्ञानलेखनाने वाचकाला हा प्रश्न द्यायला हवा. त्यासाठी नवा शब्द घडवण्याची गरज नाही. ‘अधांतरी’ आहेच, आणि त्यातली काळजी शास्त्रीयदृष्ट्या अचूक आहे.