अभाव आणि अज्ञान : डीएनएस सर्व्हरच्या उत्तरांची अर्थमीमांसा

‘वस्तू नाही’ आणि ‘वस्तूविषयी ज्ञान नाही’ ही दोन विधाने भिन्न आहेत, हे तर्कशास्त्राच्या अभ्यासकास सांगावयास नको. इंटरनेटच्या नामव्यवस्थेतही हा भेद पाळलेला आढळतो. पॉल मॉकापेट्रिस यांच्या १९८७ मधील आरएफसी १०३५ या लेखात उत्तराचे संकेत क्रमांकाने दिले आहेत. त्यांपैकी ३ म्हणजे ‘असे नाव नाही’ (एनएक्सडोमेन) आणि २ म्हणजे ‘सर्व्हरला उत्तर देता आले नाही’ (सर्व्हफेल). पहिले अभावाचे विधान होय. दुसरी अज्ञानाची कबुली होय.

हा भेद केवळ पांडित्याचा नव्हे. पत्त्यातील डोमेनविषयी पहिले उत्तर मिळाल्यास मेल सर्व्हर पत्र कायमचे परत पाठवितो; दुसरे मिळाल्यास पत्र थांबवून ठेवतो व पुनः प्रयत्न करतो. १९९८ च्या आरएफसी २३०८ नुसार अभावाचे उत्तर डोमेनधारकाने नेमलेल्या मुदतीपर्यंत स्मरणात राहू शकते. अज्ञानाचे उत्तर मात्र पाच मिनिटांहून अधिक काळ ठेवण्यास मनाई आहे. म्हणून नोंदींचे टेबल अर्धवट भरले गेले, तर सर्व्हर प्रामाणिकपणे असत्य बोलतो, आणि ते असत्य दुरुस्तीनंतरही काही काळ टिकून राहते. डेटाबेस बंद पडणे हा त्या मानाने सौम्य अपघात म्हणावयास हवा.

२००२ मध्ये मुक्त परवान्याखाली आलेला पॉवरडीएनएस या दृष्टीने अभ्यसनीय आहे. तो लिनक्सवर मायएसक्यूएलच्या आधारे चालविता येतो. अशा जोडणीत दोन व्याकरणे शेजारी नांदतात. बाइंडच्या झोन-फाइलीत नावाअखेरचा बिंदू गाळल्यास त्यापुढे मूळ डोमेन जोडले जाते. पॉवरडीएनएसच्या टेबलात मात्र पूर्ण नाव बिंदूवाचूनच लिहावे लागते. एका व्याकरणातील शुद्ध रूप दुसऱ्यात अशुद्ध ठरते. ‘लोकलहोस्ट’ या शब्दाची गतही अशीच आहे. मायएसक्यूएलचा क्लायंट लिनक्सवर हे नाव ऐकताच सॉकेट-फाइलीकडे वळतो, ‘१२७.०.०.१’ असे लिहिल्यास तो नेटवर्कच्या वाटेने जातो. सामान्यतः समानार्थी मानलेले हे शब्द येथे समानार्थी नाहीत. त्याहून गंभीर दोष अन्योन्याश्रयाचा होय. डेटाबेसचे यंत्र नावाने सांगितले आणि ते नाव याच सर्व्हरने सांगावयाचे असेल, तर पुनरारंभाच्या वेळी दोघेही एकमेकांची वाट पाहत राहतात. तेथे अंकांतील पत्ता लिहिणे हाच उपाय होय.

सर्व्हफेल हा एकच शब्द इतक्या कारणांना वापरला जातो, हा दोष मानावा काय? परकीय प्रश्नकर्त्यास घरातील बिघाड सांगण्याचे प्रयोजन नाही. २०२० च्या आरएफसी ८९१४ ने विस्तृत त्रुटिसंकेतांची सोय केली आहे, तेवढी त्यास पुरेशी आहे. खरा आक्षेप आतल्या भाषेवर, म्हणजे लॉगवर, घ्यावयास हवा. उदाहरणार्थ, पॉवरडीएनएसच्या ४.७ या आवृत्तीने डोमेनांच्या टेबलात दोन नवे स्तंभ अपेक्षिले. टेबल जुनेच राहिल्यास लॉगमध्ये ‘अपरिचित स्तंभ’ अशी तक्रार उमटते. हे विधान खरे आहे, परंतु ते कार्य सांगते, कारण सांगत नाही. टेबलाची रचना आवृत्तीबरोबर बदलावयाची राहिली, हा अर्थ वाचकाने स्वतः लावावयाचा असतो.

यावरून शोधाचा क्रम आपोआप निश्चित होतो. प्रथम ‘डिग’ने उत्तराचा संकेत पाहावा. तो ३ असल्यास टेबलातील नोंदी तपासाव्यात. २ असल्यास लॉग वाचावा आणि सर्व्हर वापरतो त्याच खात्याने, त्याच वाटेने डेटाबेसला हाताने प्रश्न विचारावा. संकेत न पाहता सर्व्हर पुनः पुनः सुरू करणे म्हणजे वाक्य न वाचताच त्याचा अर्थ लावणे होय. आपले अज्ञान अभाव म्हणून न सांगण्याची शिस्त या व्यवस्थेच्या रचनाकारांनी घालून दिली आहे. ती आतल्या लॉगपर्यंत पोहोचविण्याचे काम मात्र अद्याप अपुरे राहिले आहे.