दास की गुलाम? : फिलेमोनाला लिहिलेल्या पत्राची पार्श्वभूमी आणि आशय

नव्या करारात संत पौलाच्या नावावर असलेल्या १३ पत्रांपैकी फिलेमोनाला लिहिलेले पत्र सर्वांत लहान आहे. त्याची वचने केवळ २५. त्यात धर्मसिद्धान्ताची मांडणी जवळजवळ नाही. कदाचित त्यामुळेच 'क्षमा आणि बंधुत्व' एवढ्या दोन शब्दांत ते आटोपले जाते. प्रस्तुत लेखात या पत्राकडे श्रम आणि ऋण यांच्या संदर्भात पाहण्याचा प्रयत्न केला आहे.

पत्राचा प्रसंग असा : पौल तुरुंगात आहे. अनेसिम नावाचा गुलाम त्याच्या सहवासात येऊन ख्रिस्ती झाला आहे. त्याचा धनी फिलेमोन हाही पौलामुळेच श्रद्धावंत झालेला असून त्याच्या घरी मंडळी जमते. पौल अनेसिमला धन्याकडे परत पाठवतो आणि सोबत हे पत्र देतो. अनेसिम पळून आला होता, असे परंपरा मानते. परंतु पत्रात तसे स्पष्ट म्हटलेले नाही. धन्याशी बिनसल्यावर मध्यस्थीसाठी तो त्याच्या मित्राकडे आला असावा, असे मत पीटर लाम्पे या अभ्यासकाने १९८५ मध्ये मांडले. रोमन समाजात अशी मध्यस्थी रूढ होती. धाकट्या प्लिनीने साबिनियानुस या मित्राला लिहिलेले पत्र याच प्रकारचे आहे. प्लिनी मात्र दयेची याचना करून थांबतो.

पौल थांबत नाही. अनेसिम या नावाचा अर्थच 'उपयोगी'. पूर्वी निरुपयोगी असलेला हा आता दोघांनाही उपयोगी झाला आहे, असा श्लेष तो साधतो. यापुढे त्याला गुलाम म्हणून नव्हे, तर प्रिय बंधू म्हणून स्वीकारावे, असे सुचवतो. मराठी वाचकाची खरी अडचण येथे आहे. बायबल सोसायटीच्या प्रचलित भाषांतरात मूळ 'दुलॉस' या ग्रीक शब्दासाठी 'दास' हा शब्द येतो. मराठीत 'दास' म्हटले की रामदास आठवतात. त्या शब्दाला भक्तीचा सुगंध आहे, विक्रीखताचा नाही. रोमकरांस लिहिलेल्या पत्रात पौल स्वतःला ख्रिस्ताचा दास म्हणवतो, तेथे हा शब्द शोभतो. या पत्रात मात्र तो स्वतःला 'बंदिवान' म्हणतो. 'दुलॉस' हा शब्द केवळ अनेसिमसाठी येतो. म्हणून येथे 'गुलाम' हाच प्रतिशब्द योग्य ठरतो, असे आमचे मत आहे. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' लिहून त्या शब्दाला मराठीत जे वजन दिले, ते भाषांतरकारांनी का नाकारावे?

बंधुत्वाच्या वचनानंतर लगेचच हिशोबाची वचने येतात आणि प्रवचनांत तीच गाळली जातात. त्याने काही नुकसान केले असेल वा त्याच्याकडून काही येणे असेल तर ते माझ्या नावावर मांड, मी फेडीन, असे पौल स्वहस्ते लिहून देतो. हा जवळजवळ कर्जरोखाच आहे.

पालघर जिल्ह्यातील वाचकाला या तपशिलाचे मोल वेगळे सांगावे लागू नये. डहाणू-तलासरी परिसरात वारली कुळे लग्नासाठी कर्ज काढून नवराबायको दोघेही सावकाराकडे 'लग्नगडी' म्हणून राबत. तेथे कागदावर अंगठा उठे तो ऋणकोचा. त्याच्या वतीने सही करणारा कोणी नसे. मे १९४५ मध्ये झरी येथे जमलेल्या वारल्यांनी वेठ नाकारली. गोदावरी परुळेकर यांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' (१९७०) या पुस्तकात हा इतिहास आहे. वेठबिगारी पद्धत कायद्याने १९७६ मध्ये रद्द झाली. पण वीटभट्टीवर जाण्यापूर्वी घेतलेली उचल आणि ती फिटेपर्यंतचे राबणे हे शब्द बोईसर-पालघर परिसरातील आमच्या विद्यार्थ्यांना कोशात शोधावे लागत नाहीत. ऋण तसेच ठेवून दिलेली 'बंधू' ही पदवी किती पोकळ असते, हे त्यांना ठाऊक आहे. पौलालाही ते ठाऊक असावे.

तथापि या पत्राची मर्यादा झाकणे उचित नाही. गुलामगिरीची संस्था अन्याय्य आहे, असे पौल कोठेही म्हणत नाही. मुक्तीची मागणीही तो सूचकतेवर सोडतो; सांगितले त्याहून अधिक तू करशील, एवढेच लिहितो. या संदिग्धतेमुळे अमेरिकेत गुलामांचे मालक आणि गुलामगिरीचे विरोधक दोघांनीही या पत्राचा आधार घेतला. जॉर्जियातील पाळक चार्ल्स कोलकॉक जोन्स यांनी १८३३ मध्ये याच पत्रावर प्रवचन करताना गुलामांच्या पळून जाण्याचा निषेध केला, तेव्हा निम्मे श्रोते उठून चालते झाले. ते श्रोते स्वतः गुलाम होते. भाष्यग्रंथांच्या रांगेत या उठून जाण्यालाही स्थान द्यावयास हवे.

आणखी एक उणीव खटकते. संपूर्ण पत्रात अनेसिम एक शब्दही बोलत नाही. झरीला वारली स्वतः बोलले. येथे पौल बोलतो, फिलेमोन ऐकतो आणि ज्याच्या आयुष्याचा प्रश्न आहे तो पत्र घेऊन उभा आहे. फिलेमोनाने पुढे काय केले, याची नोंद नाही. कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्रात, ज्याच्या कर्तृत्वाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत, अनेसिमचा उल्लेख विश्वासू व प्रिय बंधू आणि 'तुमच्यातलाच एक' असा येतो. तेथे त्याच्या धन्याचे नाव नाही.