सौर दशस्पर्धा : नियम आणि घर

अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने २००२ साली वॉशिंग्टन येथे प्रथम भरविलेली ‘सोलर डिकॅथलॉन’ ही विद्यापीठीय विद्यार्थ्यांची स्पर्धा वास्तुशिक्षणातील एक महत्त्वाचा उपक्रम होय. सूर्यशक्तीवर चालणारे घर केवळ कागदावर रेखाटावयाचे नाही, तर प्रत्यक्ष उभारावयाचे आणि दहा निकषांवर त्याची परीक्षा व्हावयाची, असे तिचे स्वरूप ठरले. या स्पर्धेविषयी लिहिताना बहुधा विजयी घरांचे वर्णन केले जाते. परंतु त्या घरांना आकार देते ती स्पर्धेची नियमावली. समीक्षेचा खरा विषय तीच होय.

याचे प्रत्यंतर २००९ च्या स्पर्धेत येते. गरजेहून अधिक वीज निर्माण करणाऱ्या घरास त्या वर्षी जादा गुण होते. विजयी झालेल्या जर्मनीतील डार्मष्टाट येथील विद्यार्थ्यांनी छपराप्रमाणे भिंतीही सौर पॅनेलांनी मढविल्या. नियमाच्या दृष्टीने हे सर्वस्वी योग्यच होते. तथापि काटकसर आणि मिळकत हे दोन भिन्न अर्थाचे शब्द आहेत. मिळकत वाढली म्हणून उधळ्या मनुष्य काटकसरी ठरत नाही. घराचेही तसेच आहे. २०११ साली हा भेद मान्य झाला. खर्च आणि निर्मिती यांचा मेळ बसला की पूर्ण गुण, वरकड विजेस काही नाही, असा नियम आला. शिवाय अडीच लाख डॉलरांच्या आत उभारता येणाऱ्या घरास किमतीच्या निकषाचे पूर्ण गुण मिळू लागले.

एक उणीव मात्र राहिलीच. वाहून आणून मोकळ्या मैदानावर जोडलेल्या सुट्या घरास शेजार नसतो, गल्ली नसते, जुनी भिंत नसते. पवईच्या आय.आय.टी.तील विद्यार्थ्यांचा सहभाग असलेल्या संघाने २०१४ साली व्हर्साय येथील युरोपीय स्पर्धेत घर उभारले. त्यांचा उद्योग निःसंशय स्तुत्य होता. पण भारतासाठी कल्पिलेल्या घराची परीक्षा फ्रान्सच्या उन्हाळ्यात झाली. अशा परीक्षेत यंत्रसामग्रीची पारख होईल. हवामानाशी जुळवून घेण्याच्या कौशल्याची होणे कठीण.

या दृष्टीने २०२२ साली जर्मनीतील वुपरटाल येथे झालेली युरोपीय स्पर्धा अधिक विचारपूर्ण म्हणावी लागेल. शहरातील उभ्या इमारतीचे नूतनीकरण करणे, तिच्यावर मजला चढविणे, दोन इमारतींमधील मोकळी जागा भरून काढणे, असे प्रश्न तेथे विद्यार्थ्यांपुढे ठेवण्यात आले. कार्ल्सरूहे येथील संघ तेथे विजयी ठरला. उभी असलेली इमारत न पाडता उपयोगात आणणे हीदेखील ऊर्जेची बचतच होय, हे तत्त्व त्यामुळे स्पर्धेच्या कक्षेत आले.

विद्यार्थी नियमाप्रमाणे घर बांधतात आणि पुढे व्यवसायात तीच दृष्टी घेऊन जातात. म्हणून अशा स्पर्धांचे यश विजेत्यांच्या गुणांवरून न मोजता, नियमकर्त्यांनी ‘घर’ या शब्दाचा अर्थ किती व्यापक धरला, यावरून मोजले पाहिजे.