प्रज्ञाशोध की सरावशोध?

प्रज्ञावान मुलांसाठी आपली शाळा काय करते, असे विचारले की मुख्याध्यापक परीक्षांची नावे सांगतात. शिष्यवृत्ती, होमी भाभा बालवैज्ञानिक; २०२१ मध्ये स्थगित होईपर्यंत राष्ट्रीय प्रज्ञाशोधही. या परीक्षांना माझा विरोध नाही. पण त्या मुले निवडतात, वाढवीत नाहीत. आणि निवड तरी कशाची होते हे तपासायला हवे.

मुंबईतील विज्ञान अध्यापकांच्या मंडळाने १९८१ मध्ये सुरू केलेल्या बालवैज्ञानिक परीक्षेत प्रात्यक्षिक, मुलाखत आणि कृतिसंशोधन प्रकल्प असे टप्पे आहेत. हे तिचे खरे वैशिष्ट्य. मात्र त्यांच्याआधी लेखी परीक्षेची चाळणी आहे. प्रयोगात हात बसलेले, पण प्रश्नपत्रिका झटपट न सोडवणारे मूल प्रयोगाच्या टेबलापर्यंत पोहोचतच नाही. या चाळणीसाठीही शहरात शिकवण्या चालतात. मग निवडलेल्यांत प्रज्ञा किती आणि सराव किती, हे कसे ओळखायचे?

लुइस टर्मन यांनी १९२१ साली कॅलिफोर्नियात बुद्धिमान मुलांचा मोठा अभ्यास हाती घेतला. विल्यम शॉकली आणि लुइस अल्वारेझ या दोन मुलांचीही चाचणी झाली, पण बुद्ध्यंक पुरेसा भरला नाही म्हणून ती वगळली गेली. पुढे दोघांनाही भौतिकीचे नोबेल पारितोषिक मिळाले, १९५६ आणि १९६८ मध्ये. (निवडलेल्यांपैकी मात्र कोणालाच नाही!)

आपल्याकडे १९८० च्या दशकात होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राच्या प्रा. वि. गो. कुलकर्णी व डॉ. सुधाकर आगरकर यांनी मुंबईच्या महापालिका शाळांतील अनुसूचित जातींच्या मुलांबरोबर वेगळी वाट धरली. या मुलांची अडचण बुद्धीची नव्हे, बरीचशी पुस्तकी भाषेची आहे, हे ओळखून त्यांनी भाषेवर मेहनत घेतली. शालान्त परीक्षेतील मुलांची कामगिरी सुधारली. माझी तक्रार एवढीच की यश मोजण्याचे माप पुन्हा शालान्त परीक्षेचेच राहिले.

‘घरी शैक्षणिक वातावरण नाही’ हे शिक्षक-खोलीतले आवडते वाक्य. पनवेलजवळच्या गव्हाणसारख्या खाडीकाठच्या गावात तर ते फारच खटकते. कोकण किनाऱ्यावरचा जुना हिशेब असा: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन वाजता. (खाडीत आत पाणी चढायला आणखी थोडा वेळ लागतो.) या हिशेबाने पौर्णिमेला भरती सव्वाअकराला येते आणि दुसऱ्या दिवशी, प्रतिपदेला, पाऊण वाजता. एरवी रोज पाऊण तास सरकणारी भरती एका दिवसात दीड तास कशी सरकली? असे विचारणाऱ्या मुलाला कोणतीही परीक्षा गुण देत नाही. पंधरा तिथींत बारा तास बसवायचे तर दर तिथीला ४८ मिनिटे हवीत. जुन्या माणसांनी तोंडी हिशेबाच्या सोयीसाठी ४५ धरली. नियम चुकीचा नाही, ढोबळ आहे. असा फरक कळणे हीच विज्ञानाची सुरुवात.

शिक्षकाने हे उत्तर लगेच सांगून टाकू नये. मुलाला महिनाभर भरतीच्या वेळा वहीत लिहायला लावावे. पाण्याजवळ त्याने एकट्याने जायचे नाही. आजोबा किंवा वडील बरोबर हवेत, आणि हिशेब कुठे चुकतो यावर त्यांच्याशी वादही व्हावा. आणि ती वही तपासायला आली, तर निदान तिच्यात तरी शुद्धलेखनाच्या लाल रेघा मारू नयेत.