नियम, नरक आणि निवेदक : डेव्हिड लॉज यांच्या एका कादंबरीतील संशय

कॅथलिक श्रद्धेच्या पेचाचे चित्रण करणाऱ्या इंग्रजी कादंबरीचा विचार करताना समीक्षेची दृष्टी प्रथम ग्रॅहम ग्रीन यांच्याकडे वळते. 'द हार्ट ऑफ द मॅटर' (१९४८) मधील स्कोबी पापावस्थेत कम्युनियन स्वीकारतो आणि अखेर आत्महत्या करतो. या कृतीला शोकात्म उंची लाभते, कारण नरक त्याच्या लेखी रूपक नसून वास्तव आहे. तेथे संशयही श्रद्धेच्याच भव्य प्रदेशात वावरतो. हा प्रदेशच विरून गेल्यावर काय उरते, हा डेव्हिड लॉज यांच्या 'हाऊ फार कॅन यू गो?' (१९८०) या कादंबरीचा प्रश्न आहे.

१९५२ च्या फेब्रुवारीत लंडनमधील एका चर्चमध्ये सकाळच्या मिस्साला जमलेल्या काही विद्यार्थ्यांपासून कादंबरी सुरू होते आणि १९७८ पर्यंत त्यांचा माग घेते. आरंभी त्यांचा धर्म सापशिडीच्या पटासारखा आहे : पुण्याने वर चढावे, पापाने घसरावे. विवाहानंतर पाप टाळायचे म्हणजे शरीराच्या तापमानाचे तक्ते ठेवायचे. परमार्थाची चिंता अशी तापमापकाच्या पाऱ्यावर येऊन ठेपते. यातील विनोद उपहासाचा नाही. नियम पाळणाऱ्यांच्या कष्टांची त्याला जाण आहे.

श्रद्धेचा ऱ्हास विचारात सुरू होतो व मग आचार शिथिल होतो, असे आपण सामान्यतः गृहीत धरतो. लॉज हा क्रम उलटा करतात. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२-६५) उपासनेची भाषा बदलते. १९६८ मध्ये पोप सहावे पॉल 'ह्युमाने व्हिते' या परिपत्रकाद्वारे कृत्रिम संततिनियमनावरील बंदी कायम ठेवतात. ही पात्रे ती बंदी मोडतात, पण चर्च सोडत नाहीत. मात्र एक आज्ञा स्वतःच्या विवेकाने नाकारल्यावर बाकीच्या कोणत्या अधिकाराने मानायच्या, हा प्रश्न अटळ होतो. नरकाचे भय कोणत्याही वादविवादाविना, जणू वापरातून गेलेल्या वस्तूसारखे, नाहीसे होते. तरुणांनी स्त्री-पुरुष जवळिकीच्या मर्यादेविषयी विचारलेला शीर्षकातील प्रश्न आता श्रद्धेच्याच मर्यादेविषयीचा होतो.

तो निवेदकालाही लागू पडतो. ही पात्रे आपणच रचली आहेत, याची आठवण तो वाचकाला वारंवार करून देतो. या क्लृप्तीची खरी कसोटी डेनिस आणि अँजेला यांच्या कथेत लागते. त्यांची एक मुलगी डाउन्स सिंड्रोम घेऊन जन्मते. पुढे दुसरी अपघातात दगावते. तो प्रसंग निवेदक प्रत्यक्ष रंगवत नाही. तो आपल्याला असह्य असल्याचे सांगतो. ही माणसे काल्पनिक असली तरी अशी संकटे कोसळलेल्या खऱ्या माणसांच्या जागी ती उभी आहेत, असेही तो बजावतो. ईश्वरी योजनेचा हवाला देणे जसे येथे अशक्य, तसेच लेखकाची योजना निर्दोष असल्याचे भासवणेही अशक्य ठरते.

या कादंबरीवर पात्रांच्या उथळपणाचा आक्षेप घेता येईल, आणि तो सर्वस्वी निराधार नाही. इतक्या पात्रांमध्ये विभागलेल्या कथनात स्कोबीसारखे एकही अंतर्मन उभे राहत नाही. परंतु ही उणीव आशयाशी निगडित आहे. येथे संशय एकाकी आत्म्याचा नसून एका पिढीचा आहे. तो शयनगृहात आणि उपासनेच्या बदललेल्या शब्दांत हळूहळू मुरतो. रचलेले आहे हे ठाऊक असूनही वाचक जसा मुलीच्या मृत्यूने व्यथित होतो, तशीच ही माणसे निश्चिती गमावूनही प्रार्थनेला जमतात. श्रद्धेचे हे उरलेले रूप लॉज सिद्ध करत नाहीत वा नाकारतही नाहीत. या अनिर्णयातच कादंबरीचे सामर्थ्य आहे.